केल्पवनातील सागरी जिवांचा अभ्यास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्निया राज्यात, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर समुद्रात जंगले उभी आहेत. ती केल्प नावाच्या प्रचंड शैवालाची असल्याने त्यांना केल्पवने म्हणायला हरकत नाही. सागरी जीवशास्त्र शिकणारे किंवा शिकू इच्छिणारे मराठी विद्यार्थी आणि मॉन्टेरे किंवा सॅन डिएगोच्या किनाऱ्यावरून ही वने पाहून आलेले वाचक जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणे मुख्यतः कॅलिफोर्नियातील आहेत, कारण केल्पवनांचा इतका दीर्घ आणि सलग अभ्यास जगात फार थोड्या ठिकाणी झाला आहे.

केल्प म्हणजे नेमके काय? ते झाड आहे का?

नाही. केल्प हे तपकिरी शैवाल आहे आणि वनस्पतींशी त्याचे नाते फार दूरचे आहे. त्याला मुळे नसतात. तळाच्या कातळाला घट्ट धरून ठेवणारी, बोटांसारख्या फाट्यांची एक जुडी असते, तिला आपण बुडखा म्हणू. हा बुडखा अन्नरस शोषत नाही. त्याचे काम केवळ धरून ठेवण्याचे. पोषकद्रव्ये शैवालाच्या सर्वांगातून आत जातात. बुडख्यापासून वर लवचिक देठ निघतात, देठांवर पाती असतात आणि महाकेल्प या जातीत प्रत्येक पात्याच्या बुडाशी हवेचा एक लहान फुगा असतो. असे शेकडो फुगे मिळून तीस-चाळीस मीटर लांबीचे देठ पाण्यात उभे तोलून धरतात. परिस्थिती अनुकूल असली तर महाकेल्प एका दिवसात सुमारे अर्धा मीटर वाढते.

अभ्यासकाने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. केल्पच्या आयुष्याचा एक टप्पा सूक्ष्मदर्शकाखालीच दिसेल इतका लहान असतो. पात्यांवरून सुटलेले बीजाणू तळावर रुजतात, त्यांतून सूक्ष्म नर आणि मादी तयार होतात आणि त्यांच्या संयोगातून पुन्हा मोठे केल्प उगवते. त्यामुळे डोळ्यांना ओसाड दिसणाऱ्या कातळावर पुढच्या वर्षीचे वन आधीच येऊन बसलेले असू शकते.

ही वने थंड समुद्रातच का आढळतात?

महाकेल्पला साधारणपणे २० अंश सेल्सिअसपेक्षा थंड आणि नायट्रेटने समृद्ध पाणी लागते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर वसंतात आणि उन्हाळ्यात वायव्येकडून जोराचे वारे वाहतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे पृष्ठभागाचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते आणि त्याची जागा घ्यायला खोलवरचे थंड, खतावलेले पाणी वर येते. याखेरीज पकड घ्यायला कातळ हवा आणि तळापर्यंत पोहोचणारा सूर्यप्रकाश हवा. या सर्व अटी जेथे एकत्र पुऱ्या होतात अशी पट्टी किनाऱ्यालगत अगदी चिंचोळी असते.

मध्य आणि दक्षिण कॅलिफोर्नियात मुख्यतः महाकेल्प आढळते. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला बुल केल्पचे राज्य आहे. एक लांब देठ, त्याच्या टोकाला एकच मोठा फुगा आणि आयुष्य जेमतेम एका वर्षाचे. चिली, दक्षिण आफ्रिका, नॉर्वे आणि टास्मानिया येथेही केल्पवने आहेत, मात्र तेथील जाती आणि त्यांच्यापुढील संकटे वेगवेगळी आहेत.

या वनात कोणकोणते प्राणी राहतात?

वरून खाली जावे. पृष्ठभागावर पसरलेल्या पात्यांच्या छपरात रॉकफिशची बोटभर लांबीची पिल्ले लपतात, पात्यांवर गोगलगायी चरतात आणि याच छपरात पाणमांजरे स्वतःला केल्पमध्ये गुंडाळून घेऊन झोपतात, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहत जायला नको. मधल्या पाण्यात माशांचे थवे आणि त्यांच्या मागावर असलेले सील दिसतात. देठांमधून केल्पफिश नावाचा मासा पात्यासारखाच डोलत उभा असतो आणि नवख्या पाणबुड्याला तो हातभर अंतरावरूनही दिसत नाही. तळावर खेकडे, तारामासे, ऑक्टोपस, अबॅलोनी हा कपासारख्या शिंपल्याचा मोठा गोगलगायवर्गीय जीव, आणि दक्षिणेकडे शेवंडी. दक्षिणेतच नारिंगी रंगाचा गॅरिबाल्डी मासा आढळतो. त्याचा नर तळावर शैवालाचे घरटे जोपासतो आणि जवळ येणाऱ्या माणसावरही धावून जातो. १९९५ पासून हा कॅलिफोर्नियाचा राज्य सागरी मासा आहे.

मात्र सर्वांत दाट वस्ती असते ती बुडख्यात. एका मोठ्या बुडख्याच्या फटींमध्ये कृमी, लहान खेकडे, ठिसूळ तारे (तारामाशांचे बारीक हातांचे नातलग) आणि झिंग्यांसारखे जीव मिळून हजारोंच्या संख्येने राहतात. छायाचित्रांत हे जग येत नाही, म्हणून त्याचा विसर पडतो. केल्पवनाची खरी गर्दी पाहायची असेल, तर प्रथम बुडखाच पाहावा असे मी आग्रहाने सांगेन.

समुद्री पाणमांजराचे नाव केल्पबरोबर नेहमी का घेतले जाते?

सी अर्चिन या काटेरी गोळ्यासारख्या प्राण्याचे मुख्य अन्न केल्प आहे, आणि अर्चिन हे पाणमांजराचे आवडते अन्न आहे. पाणमांजराच्या अंगावर सील किंवा देवमाशाप्रमाणे चरबीचा थर नसतो. अतिशय दाट केस आणि सतत धगधगती चयापचय क्रिया यांच्याच बळावर ते थंड पाण्यात तग धरते, आणि त्यासाठी त्याला दररोज स्वतःच्या वजनाच्या सुमारे पाव हिस्सा इतके अन्न खावे लागते. वीस-तीस किलोचा प्राणी रोज इतके खात असेल, तर तळावरच्या अर्चिनांच्या संख्येवर त्याचा परिणाम झाल्याशिवाय राहत नाही.

त्याच दाट केसांपायी पाणमांजराची शिकार झाली. अठराव्या शतकाच्या मध्यापासून सुरू झालेल्या कातड्यांच्या व्यापाराने ही जात जवळपास संपवली. १९११ च्या आंतरराष्ट्रीय कराराने शिकारीला आळा बसला, तेव्हा मूळच्या लाखोंपैकी थोडेच प्राणी उरले होते. कॅलिफोर्नियातून ती पूर्ण नाहीशी झाली असे मानले जात असताना १९३८ मध्ये बिग सरच्या दुर्गम किनाऱ्यावर सुमारे पन्नास पाणमांजरांचा कळप लोकांसमोर आला. आज कॅलिफोर्नियात असलेली सुमारे तीन हजार पाणमांजरे त्या मूठभर प्राण्यांचे वंशज आहेत.

पाणमांजर आणि केल्प यांचे नाते शास्त्रीय पुराव्याने दाखवून दिले ते जेम्स एस्टिस आणि जॉन पाल्मिसानो या संशोधकांनी, १९७४ मध्ये. अलास्काच्या अल्यूशन बेटांपैकी काही बेटांवर पाणमांजरे परतली होती, काहींवर नव्हती. जेथे ती होती तेथे दाट केल्पवन उभे होते. जेथे नव्हती तेथे तळ अर्चिनांनी भरला होता आणि केल्प जवळपास नव्हतेच. १९९० च्या दशकात त्याच बेटांवर ऑर्का हे मोठे शिकारी सागरी सस्तन प्राणी पाणमांजरांची शिकार करू लागले असावेत, असा निष्कर्ष एस्टिस आणि सहकाऱ्यांनी मांडला. पाणमांजरे झपाट्याने कमी झाली, अर्चिन वाढले आणि वने पुन्हा खरवडली गेली. म्हणजे तोच धडा निसर्गाने उलट्या क्रमाने पुन्हा वाचून दाखवला.

मग पाणमांजरे असली की केल्पवन सुरक्षित राहते, असे म्हणता येईल का?

इतके सरळ विधान करू नये. दक्षिण कॅलिफोर्नियातील बहुतेक वनांत पाणमांजरे नाहीत, तरीही तेथे केल्प टिकून आहे, कारण तेथे शीपहेड मासा आणि शेवंड हे दोघेही अर्चिन खातात. उत्तर कॅलिफोर्नियातही पाणमांजरे परतलेली नाहीत. तेथे अर्चिनांवर वचक होता तो सूर्यफूल तारामाशाचा. हा तारामासा वीस-चोवीस हातांचा आणि व्यासाने जवळजवळ एक मीटरपर्यंत वाढणारा असून अर्चिनांच्या मागे अक्षरशः धावतो.

२०१३ पासून तारामाशांमध्ये एक भयंकर रोग पसरला, ज्यात त्यांचे हात गळून पडतात आणि शरीर विरघळल्यासारखे होते. सूर्यफूल तारामासा कॅलिफोर्नियातून जवळपास नाहीसा झाला आणि २०२० मध्ये त्याची नोंद अत्यंत संकटग्रस्त म्हणून करण्यात आली. या रोगाचे कारण एक जिवाणू असल्याचे २०२५ मध्ये दाखवण्यात आले. रोग पसरत असतानाच, २०१४ ते २०१६ या काळात, ईशान्य प्रशांत महासागरात उष्ण पाण्याची लाट आली आणि केल्पची वाढ खुंटली. शिकारी गेलेला आणि अन्न कमी झालेले, अशा अवस्थेत जांभळ्या अर्चिनांनी उत्तर कॅलिफोर्नियाच्या सुमारे साडेतीनशे किलोमीटर किनाऱ्यावरील नव्वद टक्क्यांहून अधिक बुल केल्प संपवले. अबॅलोनी उपाशी मरू लागल्या आणि २०१८ मध्ये त्यांची हौशी मासेमारी बंद करावी लागली.

येथे अर्चिनाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. वन निरोगी असते तेव्हा अर्चिन फटीत बसून राहतो आणि वरून तुटून आलेली पाती खातो. ही पाती येईनाशी झाली की तो फटीतून बाहेर पडतो आणि उभ्या केल्पचा बुडखाच कुरतडतो. सगळे केल्प संपल्यावरही तो मरत नाही. आतून पोकळ होऊन वर्षानुवर्षे तसाच जगतो.

मॉन्टेरे येथील अभ्यासात, जो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, असे आढळले की पाणमांजरांनी अर्चिन खाण्याचे प्रमाण पुष्कळ वाढवले, पण ती खात होती शिल्लक राहिलेल्या केल्पमधील भरलेले अर्चिन. ओसाड जागेतील पोकळ अर्चिन त्यांच्या उपयोगाचे नव्हते. त्यामुळे पाणमांजरांनी उरलेले वन राखले, गेलेले वन मात्र परत आणले नाही. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण नुसत्या तर्काने तो कोणालाही काढता आला नसता. त्यासाठी पाणमांजर कोठे बुडी मारते आणि काय घेऊन वर येते हे कोणीतरी दिवसच्या दिवस पाहावे लागले.

पाण्याखाली प्राणी मोजतात तरी कसे?

मूळ पद्धत साधी आहे आणि ती तशी असणे हेच तिचे बळ आहे. दोन पाणबुडे जोडीने खाली जातात, ठरलेल्या दिशेने तीस मीटर लांबीची मोजपट्टी तळावर अंथरतात आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटर रुंदीच्या पट्ट्यात जे जे ठरवलेले जीव दिसतील ते मोजतात. नोंद पाटीवर होते. अगदी पाटी आणि पेन्सिलच, फक्त पाटीवर पाण्यात न भिजणारा कागद लावलेला असतो. अर्चिन, तारामासे, अबॅलोनी, शेवंडी, केल्पचे बुडखे आणि प्रत्येक बुडख्यातून तळापासून एक मीटर उंचीवर किती देठ निघालेले दिसतात, हे सर्व त्यात येते.

तळाला घट्ट चिकटून असलेल्या जिवांसाठी मोजपट्टीवरील ठरलेल्या बिंदूंखाली काय आहे ते टिपतात, किंवा ठरावीक मापाची चौकट ठेवून तिच्या आत पाहतात. मासे पळतात, म्हणून त्यांची गणना तळावरच्या हालचालीने ते बिचकण्याआधी करतात. मोजपट्टी उलगडत पुढे जातानाच समोरच्या काल्पनिक बोगद्यात दिसलेला प्रत्येक मासा आणि त्याची अंदाजे लांबी लिहितात. लांबी महत्त्वाची असते, कारण मोठी मादी लहान मादीपेक्षा कितीतरी अधिक पिल्ले देते. रॉकफिश तर अंडी न घालता थेट जिवंत पिल्लांना जन्म देतात, आणि त्यांच्या काही जाती शंभर वर्षांहून अधिक जगतात.

खुल्या समुद्रातून वनात येणारी पिल्ले मोजण्यासाठी प्लॅस्टिकच्या जाळीची एक गुंडाळी छपराच्या उंचीवर टांगून ठेवतात. पिल्लांना ती केल्पसारखी वाटते आणि ती आत आश्रय घेतात. साधारण दर पंधरवड्याने गुंडाळी काढून आतील पिल्ले मोजतात आणि ती परत समुद्रात सोडतात.

जायंट सी बास या विशाल माशासाठी मोजपट्टीचीही गरज नसते. दोन मीटरपर्यंत वाढणाऱ्या या माशाच्या अंगावरील ठिपक्यांची मांडणी प्रत्येकात वेगळी असते, त्यामुळे हौशी पाणबुड्यांनी काढलेल्या छायाचित्रांवरून एकेक मासा ओळखता येतो. अतिमासेमारीमुळे तो दुर्मीळ झाला होता. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाने त्याला संरक्षण दिले आणि आता तो पुन्हा दिसू लागला आहे.

डोळ्यांनी केलेल्या मोजणीत चुका होत नाहीत का?

होतात, आणि त्या मान्य करूनच पद्धती ठरवल्या जातात. पाण्याखाली वस्तू मोठ्या आणि जवळ दिसतात, म्हणून पाणबुड्यांना माशांच्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या प्रतिकृतींवर लांबीचा अंदाज घेण्याचा सराव दिला जातो. एकाच पट्ट्याची दोघांकडून स्वतंत्र मोजणी करून दोघांच्या आकड्यांतील फरक तपासतात. पाणी इतके गढूळ असेल की तीन मीटरच्या पलीकडचे दिसत नाही, तर माशांची गणना त्या दिवशी करू नये असा अनेक कार्यक्रमांचा नियम आहे. फटीत लपणारे जीव नेहमीच कमी मोजले जातात. परंतु ते दरवर्षी सारख्याच पद्धतीने कमी मोजले गेले, तर संख्या वाढते आहे की घटते आहे हे तरीही कळते. म्हणून आकडा अचूक असण्याइतकेच पद्धत न बदलण्याला महत्त्व आहे, आणि उत्साही नवीन विद्यार्थ्यांना हे पटवून देणे नेहमीच सोपे नसते.

उपग्रह, ड्रोन आणि डीएनए तपासणी आल्यावर बुडी मारण्याची गरज उरली आहे का?

उरली आहे. लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांवरून १९८४ पासूनच्या केल्पच्या छपराचा हिशोब मांडता आला, हे फार मोठे काम आहे. केल्पची पाती अवरक्त किरण परावर्तित करतात आणि पाणी ते शोषून घेते, त्यामुळे छप्पर उठून दिसते. परंतु त्या चित्रातील एक ठिपका तीस मीटर लांब आणि तीस मीटर रुंद असतो. शिवाय भरतीच्या वेळी आणि प्रवाह जोरात असताना छपराचा काही भाग पाण्याखाली जातो. ड्रोनने बारकावा मिळतो, पण तोही पृष्ठभागापुरताच.

प्राण्यांच्या त्वचेतून, श्लेष्मातून आणि विष्ठेतून पाण्यात मिसळलेल्या डीएनएची तपासणी केली तर लिटर-दोन लिटर पाण्यावरून अनेक जातींची उपस्थिती कळते, लपणाऱ्या माशांचीसुद्धा. मात्र तो मासा केवढा होता, नर की मादी, आणि तो येथलाच की प्रवाहाने शेजारून आलेल्या पाण्यातला, हे पाणी सांगत नाही. प्रत्येक साधनाचे उत्तर वेगळ्या प्रश्नाचे असते.

पाण्यात न उतरता वन्यजीवांचा अभ्यास करता येतो का?

येतो, आणि पाणमांजरांचा बराचसा अभ्यास असाच झाला आहे. काही पाणमांजरांच्या मागच्या पायांच्या पडद्यांना रंगीत खुणा लावतात आणि पशुवैद्यक शस्त्रक्रियेने त्यांच्या शरीरात रेडिओ प्रेषक बसवतात; गळ्यात पट्टा बांधला तर तो केल्पमध्ये अडकेल आणि केसांची ऊबही बिघडवील. त्यानंतर निरीक्षक किनाऱ्यावरच्या खडकावर दुर्बीण रोवून बसतो आणि बुडी किती वेळ चालली, वर काय आणले, फोडायला दगड वापरला का, हे लिहीत राहतो. पाणमांजर अन्न पोटावर ठेवून पृष्ठभागावरच खाते, ही अभ्यासकाची मोठी सोय आहे. अशा निरीक्षणांतूनच कळले की एकाच उपसागरातील पाणमांजरांच्या आवडी वेगवेगळ्या असतात. एखादी मादी मुख्यतः खेकड्यांवर जगते, दुसरी गोगलगायींवर, आणि पिल्ले आईचीच सवय उचलतात.

मॉन्टेरे बे मत्स्यालयाने अनाथ पिल्ले पिंजऱ्यातील प्रौढ माद्यांकडे सोपवून वाढवण्याचा कार्यक्रम चालवला. अशी वाढवून सोडलेली पाणमांजरे आणि त्यांची संतती यांच्यामुळे २००२ ते २०१६ या काळात जवळच्या एल्कहॉर्न स्लू या खाडीतील पाणमांजरांच्या वाढीचा अर्ध्याहून अधिक भाग झाला, असे नंतरच्या विश्लेषणात दिसून आले.

त्याच जागी दरवर्षी तेच मोजण्यात काय अर्थ आहे?

हा प्रश्न अनुदान देणारेही विचारतात आणि विद्यार्थीही. म्हणून त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे. केल्पवन हे सागाच्या किंवा वडाच्या जंगलासारखे नसते. एका हिवाळ्यातील वादळ अर्धे वन उपटून किनाऱ्यावर फेकते आणि पुढच्या पावसाळ्याची वेळ येण्यापूर्वी ते पुन्हा उभे राहिलेले असते. एका वर्षी पाहणाऱ्याला विनाश दिसेल, दुसऱ्या वर्षी येणाऱ्याला समृद्धी, आणि दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतील.

दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरील बेटांवरच्या चॅनल आयलंड्स राष्ट्रीय उद्यानाने १९८२ मध्ये आपल्या केल्पवनांची वार्षिक गणना सुरू केली, आणि लगेच १९८२-८३ चा तीव्र एल निनो आला. पाणी तापले, लाटांनी वने उपटली. गणना तेथेच थांबली असती, तर केल्प संपले असाच निष्कर्ष निघाला असता. ती चालू राहिली म्हणून सावरणेही नोंदले गेले, १९९७-९८ चा पुढचा आघातही, आणि २००३ मध्ये त्या बेटांभोवती मासेमारीमुक्त क्षेत्रे जाहीर झाल्यावर आत आणि बाहेर काय फरक पडला, हेही मोजता आले. आधीच्या वीस वर्षांचे आकडे नसते, तर तो फरक कशाच्या तुलनेत सांगणार?

सॅन डिएगोजवळ पॉइंट लोमा येथे पॉल डेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकापासून त्याच वनाचा पाठपुरावा केला. त्यांनी एक अस्वस्थ करणारी गोष्ट मांडली : आपण 'नैसर्गिक' म्हणून ज्याची नोंद सुरू करतो, त्यातून मोठे मासे, अबॅलोनी आणि पाणमांजरे आधीच गेलेली असतात, आणि जे आपण कधी पाहिलेच नाही त्याची उणीव आपल्याला भासत नाही.

उलट उदाहरणही डेटन यांच्याच कामातून मिळते. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, तिएरा देल फुएगो येथील केल्पवने पाहून चार्ल्स डार्विन यांनी १८३४ मध्ये त्यांची तुलना उष्ण कटिबंधातील जंगलांशी केली होती. त्याच प्रदेशातील काही जागांची डेटन यांनी १९७३ मध्ये मोजणी केली. २०१८ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्या जागा पुन्हा मोजल्या आणि वन मोठ्या प्रमाणात तसेच असल्याचे आढळले. पंचेचाळीस वर्षांत काही बदलले नाही, ही बातमीसुद्धा जुनी नोंद हाती असल्याशिवाय देता येत नाही.

मला चांगले पोहता येते. तेवढे पुरेसे आहे का?

पुरेसे नाही. प्रथम साधे स्कूबा प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यानंतर अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांत आणि संस्थांत शास्त्रीय बुडीचे सुमारे शंभर तासांचे प्रशिक्षण असते, ज्यात प्रथमोपचार, प्राणवायू देणे, जोडीदाराला वाचवणे आणि पाण्याखाली नोंदी करणे हे सर्व येते. मॉन्टेरेचे पाणी साधारण १० ते १४ अंशांचे असते. मालवण किंवा अंदमानला बुडी शिकलेल्या माणसाला जाड पोशाख, त्यामुळे कमरेला लागणारे जादा वजन आणि बधिर होणारी बोटे यांची सवय करावी लागते.

केल्पमध्ये अडकण्याची भीती सर्वांनाच वाटते. अडकल्यावर गिरक्या घेऊ नयेत, कारण त्याने देठ अधिकच गुंडाळले जातात. थांबावे, जोडीदाराला खूण करावी आणि देठ हाताने दुमडावा. ओढून न तुटणारा देठ घडी घातल्यावर काडीसारखा मोडतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे छपराखालून वर येण्याइतकी हवा राखून ठेवावी.

अशा अभ्यासाने प्राण्यांना त्रास होत नाही का?

काही प्रमाणात होतो, आणि म्हणूनच परवाने लागतात. अमेरिकेत १९७२ पासून सर्व सागरी सस्तन प्राण्यांना कायद्याचे संरक्षण आहे आणि कॅलिफोर्नियातील पाणमांजर १९७७ पासून संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. त्याला पकडणे तर दूरच, त्याच्या वागण्यात बदल होईल इतके जवळ जाणेही गुन्हा ठरू शकतो. झोपलेल्या पाणमांजराला वारंवार उठवले तर त्याची शक्ती वाया जाते, आणि ती भरून काढायला त्याला आणखी खावे लागते. कयाक या अरुंद वल्ह्याच्या होडीतून जाणाऱ्यांनी किमान पाच कयाकांच्या लांबीचे अंतर ठेवावे असे सांगितले जाते.

गेलेले वन पुन्हा उभे करता येते का?

काही ठिकाणी करता आले आहे. लॉस एंजेलिसजवळ पालोस वर्दे येथे २०१३ पासून पाणबुड्यांनी अर्चिन हाताने कमी केले आणि मोकळ्या झालेल्या कातळावर केल्प परतले. उत्तरेत ते अधिक कठीण आहे, कारण किनारा खवळलेला आणि अर्चिन अमाप. तेथे अर्चिन काढणे, बुल केल्पची रोपे लावणे आणि प्रयोगशाळेत सूर्यफूल तारामासे वाढवणे असे प्रयत्न एकत्र चालू आहेत.

कोकणाच्या किनाऱ्यावर केल्प आहे का?

नाही. आपल्या समुद्राचे पाणी केल्पसाठी फार उबदार आहे. मात्र मालवण, रत्नागिरी आणि गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यांवर सरगॅसम हे तपकिरी शैवाल भरपूर आढळते. तेही कातळाला धरून राहते, त्यालाही हवेचे लहान फुगे असतात आणि त्याच्या झुपक्यांतही माशांची पिल्ले, खेकडे व गोगलगायी आश्रय घेतात. ते केल्पच्या गणातील नाही आणि उंचीनेही त्याच्यापुढे खुजे आहे, पण निवारा देण्याचे काम तेच करते. सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या खाड्यांमध्ये पाणमांजरेही आहेत. ती नदी-खाडीत राहणाऱ्या वेगळ्या जातीची असून त्यांचा केल्पशी काही संबंध नाही.

महाराष्ट्रात राहून सुरुवात कशी करावी?

संख्याशास्त्र मनापासून शिकावे. सागरी जीवशास्त्राच्या कोणत्याही शाखेत त्यावाचून चालत नाही. उपग्रहांची चित्रे सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहेत, त्यामुळे केल्पच्या छपराचा अभ्यास पुण्यात बसूनही करता येतो. भारतीय किनाऱ्यावरील शैवालांसाठी दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील काम पाहावे.

आणि प्रत्यक्ष मोजणीचा सराव करायचा असेल, तर पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला जवळच्या खडपावर जावे. मालवणच्या सागरी अभयारण्यात, जे १९८७ मध्ये जाहीर झाले, त्यासाठी वनविभागाची परवानगी घ्यावी लागते. अर्धा मीटर बाजूची चौकट ठेवून आतील सरगॅसम, गोगलगायी आणि कालवे मोजावीत, कोणताही दगड उलटला तर तो होता तसा परत ठेवावा, आणि तारीख, ओहोटीची वेळ व पाण्याचे तापमान लिहावे. चौकटीची जागा कोणत्या खुणेपासून किती पावलांवर आणि कोणत्या दिशेला आहे हेही वहीत नोंदवावे, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणालाही तोच कातळ सापडेल.